एकेचाळीस कोरे प्रश्न

मोताळ्याच्या तहसीलसमोर माझी टपरी आहे. तीन पत्रे, एक लोखंडी टेबल, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बत्तीस वर्षांचा अनुभव. अनुभव शेवटी सांगितला, पण गिऱ्हाईक येतं ते त्याच्यासाठीच. वारसाची नोंद, शेतरस्त्याचा अर्ज, हक्कसोड, अ‍ॅफिडेव्हिट. समोरच्याने तोंड उघडलं की त्याला काय पाहिजे ते मला कळतं आणि त्याचं रडगाणं संपायच्या आत माझा कागद तयार असतो. भगवानराव अर्जनवीस कुठे बसतात असं बसस्टँडवर विचारा, कोणीही बोट दाखवील. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नऊ वर्षांपासून दीपमाला बसते. रोहिणखेडची. तिचा नवरा हरिओम भेंडी-वांगी पिकवतो, आठवडी बाजाराच्या दिवशी दोघं एकाच गाडीने येतात, तो पोती उतरवून बाजारात जातो आणि ही पदराला हात पुसत टपरीत येते. टायपिंगमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही, मीसुद्धा नाही. पण तिला एक खोड होती, आणि त्या खोडीपायी मी इतकी वर्षं तिच्यावर डाफरत आलो.

आमच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते. ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे.’ ही ओळ सगळेच टाकतात. कॉम्प्युटरमध्ये ती आधीच भरून ठेवलेली असते, नवी टाइप करायचीही गरज नाही. वाचून मात्र कोणी दाखवत नाही. माणूस येतो, शाईच्या पॅडवर अंगठा दाबतो, कागदावर उठवतो, कागद घेतो, जातो. दीपमाला वाचून दाखवायची. पहिल्या शब्दापासून, ओळीखाली बोट ठेवून, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांना दोनदा. रांग लागायची, लोक कंटाळून शेजारच्या टपरीवर जायचे, आणि माझं डोकं तापायचं.

“काऊन वेळ घालवून राह्यली?” मी ओरडायचो. “त्यायले समजते तरी काय त्यातलं?”

“समजते का नाई ते वाचल्यावर समजन, काका,” ती म्हणायची. “खाली लिवलं हाये ना, वाचून दाखवलं म्हनून. मंग दाखवा लागते.”

मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला ती म्हणाली की तिने फॉर्म भरलाय. कशाचा, तर वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा. मला आधी हसूच आलं. मुक्त विद्यापीठाची पदवी तिने माझ्या टपरीत बसूनच घेतली होती, पुस्तकं टेबलाखालच्या कागदांच्या खोक्यात असायची, तेव्हाही मला वाटलं होतं की चार दिवसांचा नाद आहे. चौतिसावं वर्ष, दोन मुली, घरची भेंडी, आणि ही वकील होणार.

“म्हंजे आता मले तुले वकीलसाहेब म्हना लागन?” मी विचारलं.

“नाई काका. मीच म्हनीन, भगवानराव, जरा अर्ज टाइप करा बरं.”

तिच्या घरी ठरलं होतं ते असं. परीक्षा दोनदा द्यायची. दोन वर्षं अभ्यासापुरतं सासूबाई मुलींचं पाहतील, तिसऱ्या वर्षी नाव काढायचं नाही. रोज जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज एकच, त्याच्या जागा साठ, आणि अर्ज करणारे जिल्हाभरातून. त्या साठांत नाव आलं तर ती वकिलीला जाणार, नाहीतर जन्मभर माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांचे कागद टाइप करणार. माझ्या टपरीच्या दृष्टीने दुसरं जास्त सोयीचं होतं, हे कबूल करतो.

तरी मी तिचा मास्तर झालो. तिने सांगितलं नव्हतं, मीच झालो. कायद्याच्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक घटना, आणि ते तत्त्व लावून उत्तर काढायचं असतं. बत्तीस वर्षं कायदा टाइप केलेल्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. पहिल्या दिवशी वीस प्रश्न सोडवले. तिचे सतरा बरोबर आले, माझे सहा. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या झाडाचा प्रश्न होता, त्याला मी म्हटलं, यात मोजणी आणा लागते आणि तारीख पडते. दीपमाला तोंडाला पदर लावून हसत राहिली. त्यानंतर मी फक्त घड्याळ धरायचं काम घेतलं.

एकशेवीस प्रश्न, एकशेवीस मिनिटं. चुकलं तर गुण कापत नाहीत. परीक्षा देऊन ती परत आली तेव्हा मी विचारलं, “किती सोडवले?”

“एकोणऐंशी.”

“अन् बाकीचे?”

“टाइम झाला, काका. वाचनं नाई झालं.”

“मंग ठोकून द्याचं होतं. चारातलं एक येतेच. गुन तं कापत नाईत.”

“न वाचता?”

“हाव, न वाचता.”

ती खुर्ची ओढून कामाला लागली. महिन्या-दीड महिन्याने निकाल आला, मग याद्या लागल्या. साठांत तिचं नाव नव्हतं, आणि शेवटच्या नावापासून ती फार लांबही नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एकेचाळीस प्रश्न कोरे. डोळे झाकून बोट दाबलं असतं तरी आठ-दहा लागले असते, आणि आठ-दहांत तिचं काम झालं असतं. मी गिऱ्हाइकांसमोर तिला वाटेल ते बोललो. अक्कल गहाण ठेवलीस का, म्हटलं. शिक्क्यांचा डबा आपटला. लोक आपापले कागद घेऊन बाजूला सरकले.

ती थांबली. माझं पूर्ण होऊ दिलं. मग माझ्याकडे तोंड करून बसली.

“काका, एकवीस वर्स झाले. मी तेरा वर्साची होती. माह्या मायले माह्ये मामा इथं घेऊन आलते, ह्याच टेबलाजोळ. मायच्या बापाच्या मांगं वारसाची नोंद कराची हाये म्हने. मी मायच्या बाजूले उभी होती. तुमी कागद टाइप केला. मायनं पुसलं, भाऊ, काय लिवलं? तुमी म्हनलं, तुमच्या भावाले पुसा, त्यायले मालूम हाये. लय गर्दी होती त्या दिवशी. मायनं अंगठा देला.”

मी आपटलेला डबा सरळ केला.

“तो हक्कसोडीचा कागद होता. मायचा शेतातला वाटा गेला. तिले दोन वर्सानं समजलं. तुमची ती वळ खाली होती, वाचून दाखवलं म्हनून. मी तवाच ठरवलं, जे वाचलं नाई त्याच्यावर माह्या हातानं निशानी कराची नाई. मंग तो अंगठा असो का कॉम्प्युटरवरचं बटन असो.”

मला तो दिवस आठवत नव्हता. कितीही ताण दिला तरी आठवला नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. बहिणींच्या हक्कसोडी मी किती टाइप केल्या याला गणती नाही. दर आठवड्याला कोणी ना कोणी बाई भावामागे उभी असते, डोक्यावरचा पदर सारखा करत. त्यातली तिची माय कोणती, मला कसं कळणार?

“तुले हे पहिल्या दिवसापासून मालूम होतं?” मी विचारलं.

“हाव. कागदावर खाली तुमचं नाव हाये ना.”

“मंग माह्याचकडं कामाले काऊन आली? तालुक्यात दुसरी टपरी नव्हती?”

“दुसरीकडं बसली असती, तं हे टेबल तसंच चालत राह्यलं असतं,” ती म्हणाली. गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली आणि पुढचा कागद ओढला.

आठ वर्षं ही बाई माझ्या हाताच्या अंतरावर बसली, माझ्या चहातला अर्धा कप प्याली, माझी बोलणी ऐकली, आणि रोज एकेका अंगठ्याआधी ती ओळ खरी करत गेली. माझ्या नावाच्या कागदावरची. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मला वाटलं, हिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी टपरी बंद करताना मी एवढंच म्हटलं, “मायच्या कागदावर दावा टाकाची मुदत गेली असन आता.”

“मले मालूम हाये. मायचं वावर वापस नाई येत. आपल्याजोळ लोक येतात तवा सगळं ठरून गेलेलं असते, काका. मले ठराच्या आंधी त्यायच्याजोळ बसा लागते. वकील झाल्याबिगर ते होत नाई.”

त्या दिवसापासून तिची परीक्षा माझी झाली. घरी ठरलेल्या दोनांतली एक संधी उरली होती. प्रश्न सरळ होता. ही न वाचता उत्तर देणार नाही, हे आता मी बदलायला जाणार नव्हतो, तेवढी लाज मला आहे. मग एकशेवीस मिनिटांत एकशेवीस वाचायचे कसे? ती वाचताना ओठ हलवायची, समोर कमी ऐकणारी म्हातारी बसल्यासारखी. एवढ्या वर्षांची सवय. ओठ मिटून वाच म्हटलं तर अर्थ लागायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू. महिनाभर आम्ही त्याच जागी अडकलो.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. एका वकिलाने हाताने लिहिलेल्या दाव्याची चार पानं पाठवली होती. कावळ्या-चिमण्यांच्या पायांसारखं अक्षर. दीपमालाने ती धडाधड टाइप केली आणि प्रिंट काढून मोकळी झाली. तेवढ्यात वकिलाचा फोन, तिसऱ्या पानावर गट नंबर काय घातलाय? मी पान शोधत होतो तोवर तिने मानही न वळवता नंबर सांगितला. मी पान काढलं. बरोबर होता.

“साक्षीदार कोन हाये?” मी विचारलं.

तिने दोन्ही साक्षीदारांची नावं सांगितली, वयासकट.

“तू हे वाचलं कवा?”

“टाइप करताना.”

“तोंड तं हाललं नाई तुह्यं.”

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतकी वर्षं ती बोटं माझ्या शेजारी चालत होती आणि ती वाचतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी तिच्यापुढचा कीबोर्ड सरकवला, गाईड उघडून ठेवलं आणि म्हटलं, टेबलावर टाइप कर. प्रश्न जसा दिसतो तसा. ती आधी लाजली. मग तिने दहाही बोटं लोखंडी टेबलाच्या कडेवर ठेवली. टकटकटक असा बारीक आवाज सुरू झाला. ओठ बंद. डोळे ओळीवरून सरकत होते, ओळ संपायची, बोटं थांबायची, ती उत्तरावर खूण करायची, बोटं पुन्हा सुरू. मराठी प्रश्नाला मराठी कीबोर्डची बोटं, इंग्रजी प्रश्नाला इंग्रजीची. पहिल्या दिवशी ब्याण्णव झाले. मी घड्याळ दोनदा पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून.

दिवाळीपर्यंत एकशेदहा. संक्रांतीला एकशेवीस, आणि वर तीन मिनिटं. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की हा प्रकार चालायचा. मी समोर बसून नुसता पाहायचो. अर्ज घेऊन आलेली माणसं उभी राहायची, बाई काय करते म्हणून विचारायची, आणि मी ओठांवर बोट ठेवायचो. मी. ज्याने बत्तीस वर्षांत कोणाचं ऐकून घेतलं नाही.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. हरिओमची भेंडी ऐन तोडणीला आलेली, तो निघू शकत नव्हता. मी टपरीला कुलूप लावलं. तोही बाजाराचा दिवस होता, शेजारच्या टपरीवाल्याला वाटलं माझ्या घरी कोणी गेलं. स्टँडवर दीपमालासोबत एक म्हातारी उभी होती, हातात डब्याची पिशवी. कौशल्याबाई, तिची माय.

दीपमाला आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली राहिलो. ऊन मी म्हणत होतं. दोन तास त्या बाईशेजारी बसायचं, हे मला परीक्षेपेक्षा अवघड होतं. तिने डबा उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा माझ्यापुढे केला. मी एक घास घेतला.

“आत काय करून राह्यली असन?” तिने विचारलं.

“वाचून राह्यली.”

“सगळं?”

“सगळं. एकशेवीसच्या एकशेवीस.”

तिने मान हलवली. मग मी म्हटलं, “बाई, माह्यं चुकलं. त्या दिवशी.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ठेच्याच्या नावावर खपवलं.

कौशल्याबाईने माझ्याकडे पाहिलं. “तवा पुसलं होतं तं सांगाचं होतं, भाऊ,” ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. आणखी अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

दीपमाला बाहेर आली तेव्हा पदर घामाने भिजला होता. ती सांगू लागली. समोर स्क्रीन आणि माउस, कीबोर्ड उचलून ठेवलेला. तिने मांडीवर बोटं ठेवली आणि सुरू केलं. थोड्या वेळाने देखरेख करणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या, हे काय चाललंय म्हणून. तिने सांगितलं, मॅडम, टायपिस्ट आहे, सवय आहे. त्यांनी हात पाहिले, मांडी पाहिली, थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या आणि मग पुढे गेल्या.

“किती झाले?” मी विचारलं.

“सगळे वाचले, काका. चार आले नाईत, त्याचा अंदाज मारला. वाचून अंदाज मारला तं चालते.”

यादी लागली तेव्हा मी ती टपरीतल्या कॉम्प्युटरवर उघडली. साठ नावं. खालून वर बघत गेलो, म्हणजे लवकर सापडेल. पन्नास, चाळीस, तीस झाले. नाव सापडलं ते एकोणिसाव्या जागी. मी पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट ठेवून. मग दीपमालाला हाक मारली. ती उठून आली, नाव पाहिलं आणि माझ्या खांद्यामागे नुसती उभी राहिली. मोठ्या वकिलांना मी जवळून पाहिलंय, साहेबांना पाहिलंय, कोणासमोर मान लवली नाही. पण या नावासमोर, रोहिणखेडच्या भेंडीवाल्याच्या बायकोच्या, मला खुर्चीत बसवेना. मी उठून उभा राहिलो.

प्रवेशाला एक अ‍ॅफिडेव्हिट लागतं, पदवीनंतर मधली वर्षं काय केलं त्याचं. ते करायला ती बाजाराच्या दिवशी आली, मायला घेऊन. या वेळी टेबलाच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांत तिला तिथून मी कधी पाहिलं नव्हतं. कौशल्याबाई तिच्या बाजूला उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

मी कागद टाइप केला. तळाची ओळ कॉम्प्युटरने आपोआप टाकली. प्रिंट निघाली, मी सवयीने कागद आणि पेन पुढे सरकवलं, आणि माझा हात थांबला. मी कागद परत ओढला, चष्मा लावला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. “मी, दीपमाला, राहणार रोहिणखेड, वय चौतीस वर्षे...”

“पस्तीस, काका,” ती म्हणाली.

जुन्या फॉर्मवरून उचलून मी चौतीस घातलं होतं. न वाचता गेलं असतं तर तसंच गेलं असतं. दुरुस्त केलं, नवी प्रिंट काढली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रांगेतला एक जण कुरकुरला, “भगवानराव, उरका ना लवकर, गाडी जाईन.”

“थांब बे,” मी म्हटलं. “वाचून राह्यलो.”

सव्वा पानाचा मजकूर. दोनदा मी मागच्या ओळीवर गेलो. शेवटी ती ओळ आली. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे. बत्तीस वर्षांत मी ती हजारो कागदांवर टाकली, तोंडाने उच्चारली नव्हती. वाचून झाल्यावर मी मान वर केली ती दीपमालाकडे नाही, तिच्या मायकडे.

“समजलं काय, बाई?” मी विचारलं.

कौशल्याबाईने सावकाश मान हलवली. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता दे निशानी,” ती म्हणाली.

दीपमालाने सही केली. कागदावर शिक्का मारून मी तो तिच्या हातात दिला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बसायला सांगितलं. त्याचा अर्ज सकाळीच टाइप करून ठेवलेला होता. तो अंगठा पुढे करून उभाच होता. मी शाईचं पॅड बाजूला सरकवलं आणि त्याच्या कागदाच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.